कॉम्प्रेशन इंजिनाचं गेलं की गेजचं?

गाडी ओढत नाही, किक मारून मारून पाय दुखतो, आणि थंडीच्या सकाळी तर ती चालूच होत नाही. सांगली-मिरजेच्या गॅरेजांत ही तक्रार रोजची. मिस्त्री प्लग काढतो, त्या जागी कॉम्प्रेशन गेजची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणाऱ्या मीटरची, नळी बसवतो, पाच-सहा किका मारतो आणि काटा ९०-९५ पीएसआयवर (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) थांबतो. दीडशेच्या आसपास यायला हवं होतं. मग निकाल ठरलेला : “कॉम्प्रेशन गेलंय दादा, इंजिन खोलावं लागंल.” रिंगा-पिस्टन, बोअर, व्हॉल्व, गॅस्केट आणि मजुरी. त्याच गाडीवरून रोज डेअरीला दूध घालणाऱ्या माणसाला हा काही हजारांचा फटका असतो, शिवाय गाडी बंद राहते ती वेगळीच.

इंजिन खरंच झिजलं असेल तर हा खर्च टळत नाही. पण तो कमी आकडा इंजिनाचा नसून गेजचाही असू शकतो, आणि लहान गाड्यांच्या बाबतीत ही शक्यता बरीच मोठी आहे. प्लगच्या भोकात गेज आवळला की तो बाहेरून बघणारा राहत नाही, त्या इंजिनाचाच एक भाग होतो. चुकीच्या आकड्यांची निम्मी कारणं इथेच सापडतात.

समजा, इंजिन १०० सीसीचं आहे आणि त्याचं कॉम्प्रेशन गुणोत्तर ९:१ आहे. म्हणजे पिस्टन तळाला असताना त्याच्या वर ११२.५ सीसी हवा मावते आणि पिस्टन वर आला की तीच हवा १२.५ सीसीच्या जागेत कोंबली जाते. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार जागा नवव्या हिश्श्यावर आली की दाब नऊपट व्हावा. हा नियम तापमान बदलत नाही असं धरून आहे. किक मारताना हवा क्षणात दाबली जाते, तापते आणि दाब नऊपटीच्या पुढे जातो. उलट बाजूने, पिस्टन तळाहून वर निघाल्यावरही हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व थोडा वेळ उघडाच असतो, तेवढी हवा माघारी जाते. सिलिंडरच्या भिंती उष्णता ओढून घेतात, रिंगांमधूनही थोडं गळतं. या ओढाताणीतून जो आकडा निघतो तो प्रत्येक इंजिनाचा वेगळा. म्हणून तुलना करायची ती कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी, शेजारच्या गाडीच्या ऐकीव आकड्याशी नाही.

आता त्या १२.५ सीसीकडे परत बघा. गेजचा अॅडॉप्टर आतून पोकळ असतो. त्या पोकळीची जागा २.५ सीसी, म्हणजे जेमतेम अर्धा चमचा असली, तरी हवेला आता १५ सीसी जागा मिळाली. गुणोत्तर ९ वरून ७.७ च्या खाली आलं. ढोबळ हिशेबाने काट्यावरचा दाब वीस टक्क्यांनी उतरतो : दीडशे दाखवणारं निरोगी इंजिन एकशेवीस दाखवतं. हाच अॅडॉप्टर १२०० सीसीच्या, चार सिलिंडरच्या मोटारीला लावला तर प्रत्येक सिलिंडरची वरची जागा मुळातच ३३ सीसीच्या आसपास असते, त्यामुळे घट आठ-नऊ टक्क्यांवरच थांबते. मोटारींसाठी घेतलेला गेज मोटरसायकलला लावला की इंजिन ‘आजारी’ दिसतं ते यामुळे.

म्हणून गेज हातात घेतल्यावर पहिली गोष्ट बघायची : हवा गेजकडे जाऊ देणारा पण माघारी न सोडणारा एकदिशा व्हॉल्व नळीच्या कुठल्या टोकाला आहे? तो प्लगच्या टोकाला हवा. तिथे असेल तर व्हॉल्वच्या पलीकडची नळी प्रत्येक किकेला थोडी थोडी भरत जाते आणि पाच-सहा किकांत सिलिंडरच्या सर्वोच्च दाबाला पोचते. व्हॉल्व गेजच्या टोकाला असेल तर अख्खी नळी ज्वलनकक्षात जमा होते. आतून ४ मिलिमीटर पोकळ, ३० सेंटिमीटर लांब नळीत पावणेचार सीसी हवा राहते. शंभर सीसीच्या गाडीवर अशा गेजने काढलेल्या आकड्याचा काही उपयोग नाही, असं मी स्पष्टच म्हणेन.

दुसरी गोष्ट तो व्हॉल्व स्वतः. दिसायला तो टायरच्या ट्यूबमधल्या व्हॉल्वपिनेसारखाच असतो, आणि खराब झाला की पंक्चरच्या दुकानातून दोन-पाच रुपयांची पिन आणून बसवली जाते. ती आट्यांत चपखल बसते, हवा धरते, सगळं ठीक वाटतं. पण टायरच्या पिनेची स्प्रिंग कडक असते आणि गेजच्या पिनेची मुद्दाम मऊ ठेवलेली असते. कडक स्प्रिंग ढकलण्यात जेवढा दाब खर्च होतो तेवढा काट्यापर्यंत पोचतच नाही. काटा स्थिर राहतो, पण दर वेळी कमी दाखवतो. ही चूक फार फसवी आहे, कारण गेज कुठेही गळत नसतो. याउलट किक थांबल्यावर काटा हळूहळू खाली सरकत असेल तर पिनेत कचरा अडकलाय किंवा एखादा जोड गळतोय. जोडांना साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. प्लगच्या टोकाची ओ-रिंग चपटी झाली असेल तर हवा सिलिंडरमधूनच बाहेर निसटते. तेव्हा काटा खाली येत नाही, मुळात वरच जात नाही.

आट्यांकडेही बघावं. बऱ्याच लहान मोटरसायकलींचा प्लग १० मिलिमीटर आट्यांचा असतो, मोटारींचा बहुधा १२ किंवा १४. आटे जुळले तरी लांबी जुळायला हवी. अॅडॉप्टर आखूड पडला तर भोकात रिकामी जागा उरते आणि आकडा घसरतो. लांब झाला तर पिस्टन किंवा व्हॉल्व त्यावर आदळू शकतो.

गेजच्या आत फ्रान्सच्या युजीन बोर्डन यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली नळी असते : पितळेची, चपटी, अर्धवर्तुळात वाकवलेली. आत दाब आला की ती जत्रेतल्या कागदी पिपाणीसारखी उलगडू बघते. टोकाची ही किंचित हालचाल दांडी आणि दातेरी चाकं काट्यापर्यंत पोचवतात. गेज फरशीवर पडला की ही जुळणी सरकते. दाब नसताना काटा शून्यावर नसेल तर समजून जावं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेच्या पाण्याखाली गेलेल्या अवजारांत असे गेजही असणार. आत गाळ बसला की काटा अडखळत, उड्या मारत चढतो. असा गेज पुसून पुन्हा वापरू नये. धड गेजलाही मर्यादा असते : ३०० पीएसआयच्या गेजवर २.५ टक्के चूक लिहिली असेल तर ती पूर्ण स्केलची असते, म्हणजे काटा कुठेही असो, साडेसात पीएसआय इकडे-तिकडे. त्यामुळे दोन सिलिंडरमध्ये तीन-चार पीएसआयचा फरक दिसला म्हणून कुणी चिंता करू नये.

आपल्या भागात आणखी एक कारण आहे, आणि त्यात इंजिन व गेज दोघंही निर्दोष असतात. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. उंचीवर हवाच विरळ, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरते तीच कमी. मुंबईत १७० पीएसआय दाखवणारं इंजिन सांगलीत १६० च्या जवळ आणि महाबळेश्वरात १४५ च्या आसपास दाखवेल. वाईहून घाट चढून आलेल्या गाडीचं कॉम्प्रेशन वाटेत जात नाही.

चाचणीची पद्धत तर सगळ्यांना माहीत असते, तरी घाईत चुकते. इंजिन गरम हवं. ॲक्सिलेटर पूर्ण पिळलेला हवा, नाहीतर हवा आत येणार कुठून? सेल्फने फिरवत असाल तर बॅटरी भरलेली हवी. इंजिन रेंगाळत फिरलं की हवेला गळायला आणि थंड व्हायला वेळ मिळतो. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल बंद करावं, कारण फवारा भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतो. काही गाड्यांत किक हलकी व्हावी म्हणून डिकॉम्प्रेसर असतो, तो आकडा मुद्दामच कमी ठेवतो. आणि पेट्रोलचा गेज ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाला कधीही लावू नये. तिथे दाब ३०० ते ५०० पीएसआय असतो, गेज फुटेल आणि हातालाही इजा होईल.

शेवटी राहते ऑइलची चाचणी. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल टाकायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट, असा नियम. मोठ्या इंजिनाला तो बऱ्यापैकी लागू पडतो. शंभर सीसीच्या गाडीत मात्र ऑइल स्वतःच जागा अडवतं. १२.५ सीसीपैकी २ सीसी ऑइलने व्यापली, तर रिंगांत काडीचाही दोष नसताना दाब वीस टक्क्यांहून जास्त वाढतो. लोक तर चमचाभर, म्हणजे पाच सीसी ओततात. तेव्हा अशा गाडीत काही थेंबच सोडावेत, किक मारून ते भिंतीवर पसरू द्यावेत आणि मग मोजावं. त्यानंतरही आकडा कमीच आला, तर तोच गेज, तोच अॅडॉप्टर त्याच मॉडेलच्या धडधाकट गाडीला लावून बघावा. तिथे काटा दीडशेवर गेला, तर खुशाल इंजिन खोला.