उत्पन्नाधारित शैक्षणिक कर्ज

उच्च शिक्षणाचे शुल्क सरकारने विद्यार्थ्याच्या वतीने आधी भरायचे आणि पुढे त्याची कमाई ठरावीक मर्यादेच्या वर गेली की कमाईच्या प्रमाणात ते वसूल करायचे, या व्यवस्थेला उत्पन्नाधारित शैक्षणिक कर्ज म्हणतात. बँकेच्या कर्जाचा हप्ता नोकरी गेली तरी चुकत नाही. इथे नोकरी गेली की वसुली आपोआप थांबते; जामीनदार लागत नाही, तारणही लागत नाही. कर्जाच्या पोटातच विमा दडलेला असतो, आणि योजनेचे सगळे मोल त्या विम्यात आहे.

शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्याने बदल्यात विद्यार्थ्याच्या भावी कमाईचा वाटा घ्यावा, ही कल्पना अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडली. अमेरिकेतील येल विद्यापीठाने १९७१ मध्ये तिचा एक अवतार करून पाहिला. कर्जाच्या प्रत्येक हजार डॉलरमागे दरवर्षी उत्पन्नाचा ०.४ टक्का भरायचा, तोही संपूर्ण तुकडीचे कर्ज फिटेपर्यंत किंवा जास्तीत जास्त ३५ वर्षे. भरपूर कमावणारे एकरकमी भरणा करून मोकळे झाले, काहींनी भरणेच सोडले, आणि त्या सगळ्यांचा भार मधल्या कमाईच्या लोकांवर पडला. १९७८ मध्ये नवी कर्जे देणे बंद झाले. बुडालेल्या कर्जाचा भार सहाध्यायांवर टाकला की योजना टिकत नाही, हे तिथे स्पष्ट झाले.

राष्ट्रीय पातळीवर ही पद्धत प्रथम ऑस्ट्रेलियाने आणली. तिथे १९७४ पासून विद्यापीठीय शिक्षण निःशुल्क होते. १९८९ मध्ये ‘हेक्स’ योजना सुरू झाली. तिच्या रचनेत अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन यांचा मोठा वाटा होता. सर्व शाखांना वर्षाला सरसकट १,८०० ऑस्ट्रेलियन डॉलर आकारले गेले. उत्पन्न २२,००० डॉलरच्या वर गेल्यावर १ ते ३ टक्के वसुली होई आणि थकबाकी फक्त महागाईच्या दराने वाढे. खरे कौशल्य वसुलीत होते. ते काम प्राप्तिकर खात्याकडे सोपवल्यामुळे वेगळी यंत्रणा उभारावी लागली नाही.

वादात बहुतेकदा कर्जाच्या एकूण रकमेचीच चर्चा होते. कर्जदाराच्या खिशाला मात्र उत्पन्नमर्यादा, वसुलीचा दर आणि माफीचा काळ यांची झळ लागते. इंग्लंडमध्ये २०२३ पासून शिक्षण सुरू करणाऱ्यांसाठी असलेल्या ‘प्लॅन ५’ या कर्जप्रकारात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २५,००० पौंड, दर वरच्या रकमेच्या ९ टक्के आणि माफी ४० वर्षांनी आहे. पगार २८,००० असेल तर वरच्या ३,००० वर वर्षाला २७०, म्हणजे महिन्याला साडेबावीस पौंड कापले जातात. कर्ज ४५,००० असो की ६०,०००, ही कपात तेवढीच राहते. एक खाच ध्यानात ठेवावी. कपात पगाराच्या कालावधीनुसार होते, त्यामुळे बोनसमुळे एखाद्या महिन्याचा पगार सुमारे २,०८३ पौंडांच्या वर गेला, तर वर्षाचे उत्पन्न मर्यादेखाली असूनही पैसे कापले जातात. ते परत मागता येतात, पण ठाऊक असेल तरच.

दर वरच्या रकमेवर लावायचा की सगळ्या उत्पन्नावर, हा प्रश्नही तितकाच कळीचा आहे. ऑस्ट्रेलियात २०२४-२५ पर्यंत तो सगळ्या उत्पन्नावर लागे. ५४,४३५ डॉलर कमावणाऱ्याला सुमारे ५४४ डॉलर द्यावे लागत. एक डॉलर कमी कमावला असता तर काहीच नाही. मर्यादा ओलांडायची नाही म्हणून जादा काम नाकारण्याचा मोह त्यातूनच होतो. २०२५-२६ पासून ६७,००० च्या वर, १,२५,००० पर्यंतच्या प्रत्येक डॉलरमागे १५ सेंट अशी आकारणी आली. ७०,००० डॉलर उत्पन्नावर आधी २.५ टक्क्यांनी १,७५० डॉलर जात, आता ४५० जातात. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

थकबाकी कोणत्या दराने वाढावी, यावर सर्वांत कडवा वाद आहे. न्यूझीलंडने २००६ पासून देशात राहणाऱ्यांचे व्याज रद्द केले. इंग्लंडमध्ये २०१२ ते २०२३ दरम्यान शिक्षण सुरू केलेल्यांच्या ‘प्लॅन २’मध्ये महागाईवर आणखी ३ टक्क्यांपर्यंत व्याज लागते, त्यामुळे नियमित कपात होऊनही अनेकांची थकबाकी वाढतच जाते. ऑस्ट्रेलियात जून २०२३ मध्ये महागाईच्या हिशेबाने थकबाकी ७.१ टक्क्यांनी वाढली. तिथे वर्षभर पगारातून कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यानंतरच खात्यात वळती होते, आणि वाढ मात्र त्याआधी, १ जूनला, लागते. म्हणजे देऊन झालेल्या पैशांवरही वाढ चढते. कर्जदारांची ही तक्रार अगदी रास्त आहे. पुढे महागाई व वेतनवाढ यांतला कमी दर लावण्याचा कायदा पूर्वलक्षी प्रभावाने झाला आणि २०२५ मध्ये थकबाकीत २० टक्के कपात मंजूर झाली.

सरकारी जमाखर्चातही ही कर्जे फसवी ठरतात. सगळे पैसे परत येणार असे गृहीत धरले की आजची तूट लहान दिसते आणि माफीचा खर्च काही दशकांनी उगवतो. म्हणून ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१८ मध्ये परत न येणारा भाग आजच खर्ची धरण्याचा निर्णय घेतला. पैसे नंतर द्यायचे असल्याने विद्यार्थ्याला शुल्काची धारही कमी जाणवते. इंग्लंडने २०१२ मध्ये शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पौंड केली, तेव्हा बहुतेक विद्यापीठांनी थेट त्याच्या आसपासच शुल्क लावले. जर्मनीतील अनेक राज्यांनी उलटी वाट धरली: प्रतिसत्र सुमारे ५०० युरोंचे शुल्क लावून पाहिले आणि २०१४ पर्यंत ते सर्वत्र रद्द केले.

ज्या देशात बहुतेकांची कमाई कर खात्याला दिसतच नाही, तिथे ही योजना उचलून आणण्यात अर्थ नाही. अमेरिकेची अडचण निराळी. तिथे वसुली पगारकपातीऐवजी खासगी सेवा कंपन्यांमार्फत होते आणि कर्जदाराला उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नव्याने द्यावा लागत असे. कागद चुकला की हप्ता एकदम वाढे. परदेशी गेलेल्यांकडून वसुली सगळीकडेच अवघड असते. न्यूझीलंड त्यांना व्याज लावते, तर ऑस्ट्रेलियाने २०१७ पासून त्यांच्या जगभरातील उत्पन्नावर परतफेड सक्तीची केली आहे.