माइन नदी आणि माइन–डॅन्यूब कालव्यावरील जलपाश

जर्मनीतील माइन नदी आणि तिला डॅन्यूबशी जोडणारा कालवा या जलमार्गावर एकूण ५० जलपाश आहेत. त्यांपैकी ३४ नदीवर आणि १६ कालव्यावर. माइन्त्स शहरासमोर, जिथे माइन ऱ्हाइनला मिळते, तिथल्या कोस्टहाइम जलपाशापासून ही मालिका सुरू होते आणि डॅन्यूबकाठच्या केल्हाइमला संपते. नदीचा नौवहनयोग्य भाग सुमारे ३८८ किमी, तर बाम्बेर्ग ते केल्हाइम हा कालवा १७१ किमी लांब आहे. उत्तर समुद्रातून निघालेले मालवाहू जहाज याच वाटेने काळ्या समुद्रापर्यंत जाऊ शकते. त्यासाठी त्याला वाटेत समुद्रसपाटीपासून ४०६ मी. उंचीवर चढावे आणि पुन्हा उतरावे लागते. व्यापारी जहाजे समुद्रातून इतक्या उंचीवर नेणारा दुसरा जलमार्ग युरोपात नाही.

जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा लांबट कोठा. जहाज आत आले की मागचा दरवाजा बंद होतो, कोठ्यात वरच्या बाजूचे पाणी सोडले जाते किंवा कोठ्यातले पाणी खाली सोडले जाते, आणि पातळी समान झाली की पुढचा दरवाजा उघडतो. जहाज उचलायला कसलेही यंत्र लागत नाही, ते काम पाणीच करते. मात्र दर खेपेला कोठाभर पाणी वरून खाली जाते आणि ते आपोआप परत वर येत नाही. नदीवर याची कोणाला फिकीर नसते, कारण पाणी वाहतेच आहे. डोंगरमाथ्यावरच्या कालव्यावर मात्र हाच सगळ्यात अवघड हिशेब ठरतो. माइन आणि कालवा यांच्या जलपाशांत जो फरक दिसतो, तो मुख्यतः या हिशेबातून आलेला आहे.

माइनवरील जलपाश

माइन ही मुळात उथळ, वळणावळणाची नदी. उत्तर बव्हेरियातील फ्रांकेन प्रदेशाच्या जंगलातील लाकडाचे तराफे तिच्यावरून थेट नेदरलँड्सपर्यंत जात, पण प्रवाहाविरुद्ध माल नेणे जिकिरीचे होते. आधी बोटी काठावरून घोडे ओढत. १८८६ पासून नदीच्या तळाशी टाकलेल्या साखळीवर स्वतःला ओढत जाणाऱ्या वाफेच्या बोटी आल्या. त्यांचा भोंगा गाईच्या हंबरण्यासारखा वाजे, म्हणून काठावरच्या लोकांनी त्यांना ‘माइनगाय’ असे नाव ठेवले होते. जलपाश वरच्या दिशेने सरकत गेले तसतसा या साखळीबोटींचा उपयोग संपत गेला आणि १९३६ मध्ये त्या बंद झाल्या.

पहिले पाच जलपाश १८८३ ते १८८६ या काळात माइन्त्स आणि फ्रँकफर्ट यांच्या दरम्यान बांधले गेले. यामुळे ऱ्हाइनवरची मोठी जहाजे फ्रँकफर्टपर्यंत येऊ लागली आणि शहराने १८८६ मध्येच पश्चिमेकडचे नवे बंदर उघडले. त्या वेळचे बंधारे म्हणजे एकमेकांना खेटून उभ्या केलेल्या लाकडी दांड्यांची भिंत असे. पूर आला की माणसे एकेक दांडी उपसून काढत. १९३० च्या दशकात या पाच बंधाऱ्यांच्या जागी कोस्टहाइम, एडर्सहाइम आणि ग्रीसहाइम असे तीनच मोठे बंधारे आले. तोपर्यंत काम आशाफेनबुर्गच्या पुढे सरकले होते. १९४० च्या सुमारास ते व्युर्झबुर्गला आणि १९६२ मध्ये बाम्बेर्गला पोचले. सर्वांत वरचा जलपाश फिएरेटचा.

या मार्गावरच्या बहुतेक जलपाशांचा कोठा ३०० मी. लांब आणि १२ मी. रुंद असून चढ साधारण चार-पाच मीटरच असतो. खालच्या भागात वाहतूक जास्त, म्हणून तिथे जोडकोठे आहेत. जवळपास प्रत्येक जलपाशाशेजारी बंधारा आणि जलविद्युत केंद्र आहे. हे तिघे एकत्र असणे हा योगायोग नव्हे. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या ऱ्हाइन-माइन-डॅन्यूब कंपनीने नदीतली वीज विकून त्या पैशातून जलमार्ग बांधायचा, असा व्यवहार होता. जहाजांनी टोल भरून आपला खर्च भागवावा, ही अपेक्षा कोणीही गंभीरपणे केलेली दिसत नाही.

माथा ओलांडण्याचे आधीचे प्रयत्न

ऱ्हाइन आणि डॅन्यूब यांची पाणलोट क्षेत्रे जोडण्याची कल्पना जुनी आहे. ७९३ मध्ये शार्लमेन राजाने आल्टम्यूल आणि श्वाबिश रेझाट या नद्यांमध्ये चर खणायला सुरुवात केली. त्याचे अवशेष आजच्या ट्रॉयश्टलिंगेनजवळील ग्राबेन गावात आहेत. चरातून मिळालेल्या लाकडांच्या वलयांवरून झाडे त्याच वर्षी तोडली गेल्याचे कळते, म्हणजे इतिवृत्तांतली तारीख खरी ठरली. त्या काळी युरोपात कोठ्याचे जलपाश नव्हते. त्यामुळे पाण्याची पातळी वेगवेगळी असलेली तळी करून बोटी बांधावरून ओढत न्यायच्या, असा बेत असावा, असे संशोधक मानतात.

दुसरा प्रयत्न पूर्ण झाला. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याच्या काळात, हाइनरिख फॉन पेखमान या अभियंत्याच्या आराखड्यावरून, १८३६ ते १८४६ या दशकात बाम्बेर्ग ते केल्हाइम असा सुमारे १७२ किमीचा कालवा आणि त्यावर शंभर जलपाश बांधले गेले. कोठे जेमतेम ३४ मी. लांब आणि साडेचार मीटरच्या आसपास रुंद होते. बोटी घोडे ओढत. प्रत्येक जलपाशाशेजारी रखवालदाराचे छोटे दगडी घर आणि काठाला फळझाडे असत. त्यातली बरीच घरे अजून उभी आहेत, आणि लुडविग कालव्याचे देखणेपण पाहायला लोक आजही सायकलवरून जातात. धंदा मात्र चालला नाही. कामाला सुरुवात होण्याच्या आदल्याच वर्षी, १८३५ मध्ये, न्यूर्नबर्ग–फ्यूर्थ या मार्गावर जर्मनीतली पहिली आगगाडी धावली होती. शंभर जलपाशांत शंभरदा थांबणाऱ्या बोटीला रेल्वेशी स्पर्धा करता येणे शक्य नव्हते. दुसऱ्या महायुद्धातल्या नुकसानीनंतर १९५० मध्ये कालवा सोडून देण्यात आला. बाम्बेर्गमधला शंभराव्या क्रमांकाचा जलपाश अजून चालू स्थितीत आहे.

नव्या कालव्याच्या अभियंत्यांनी यातून घेतलेला धडा सरळ होता : जलपाश कमी ठेवा, चढ मोठे ठेवा.

कालव्यावरील जलपाश

सध्याचा कालवा बाम्बेर्गहून न्यूर्नबर्गपर्यंत १९७२ मध्ये आणि पुढे केल्हाइमपर्यंत २५ सप्टेंबर १९९२ रोजी खुला झाला. त्यावरील सर्व सोळा कोठे १९० मी. लांब आणि १२ मी. रुंद आहेत. मागून बोटीने ढकलल्या जाणाऱ्या मालबोटींचा १८५ मी. लांबीचा जोड आत बसावा, हे या लांबीमागचे कारण. बाम्बेर्गहून वर जाताना बाम्बेर्ग, श्ट्रुलेनडोर्फ, फोर्खहाइम, हाउझेन, एर्लांगेन, क्रिगेनब्रुन, न्यूर्नबर्ग, आयबाख, लेअरश्टेटन, एकर्समूलेन आणि हिल्पोल्टश्टाइन असे अकरा जलपाश लागतात. ते मिळून जहाजाला १७५ मी. वर नेतात. मग साडेसोळा किमीचा माथ्याचा टप्पा येतो आणि तिथेच युरोपचा मुख्य जलविभाजक ओलांडला जातो. पलीकडे बाखहाउझेन, बेर्चिंग, डीटफुर्ट, रीडेनबुर्ग आणि केल्हाइम या पाच जलपाशांतून जहाज सुमारे ६८ मी. खाली उतरते.

लेअरश्टेटन, एकर्समूलेन आणि हिल्पोल्टश्टाइन या तिन्हींचा चढ प्रत्येकी २४.६७ मी. आहे. जर्मनीतल्या जलपाशांत हा सर्वांत मोठा. रिकाम्या कोठ्यात उभ्या जहाजावरून वर पाहिले की आठमजली इमारतीएवढ्या काँक्रीटच्या भिंती दिसतात. पाणी चढत असताना दोर सारखा वरच्या खुंट्याला बदलावा लागू नये म्हणून भिंतीच्या खाचांत तरंगते खुंटे बसवले आहेत. ते पाण्याबरोबर वर-खाली होतात.

इतक्या मोठ्या चढाचा साधा कोठा भरायला एका खेपेस ५६ हजार घनमीटरहून अधिक पाणी लागले असते. माथ्यावर एवढे पाणी आणायचे कुठून? त्यासाठी सोळांपैकी तेरा जलपाशांना बचत-टाक्या आहेत. हिल्पोल्टश्टाइनसारख्या जलपाशाच्या बाजूला वेगवेगळ्या पातळीवर तीन रुंद टाक्या असतात. कोठा रिकामा करताना सर्वांत वरचे पाणी उताराने पहिल्या टाकीत, त्याखालचे दुसरीत, त्याखालचे तिसरीत जाते. उरलेले तेवढे खालच्या टप्प्यात सोडतात. कोठा पुन्हा भरताना क्रम उलटा : आधी सर्वांत खालच्या टाकीचे पाणी, मग मधल्या, मग वरच्या आणि शेवटी राहिलेला भाग माथ्याकडून. या सगळ्यात पंप कुठेच नाही, फक्त झडपा आणि गुरुत्वाकर्षण. कोठ्याएवढ्याच क्षेत्रफळाच्या तीन टाक्या असतील तर पाचांपैकी तीन हिस्से, म्हणजे ६० टक्के पाणी वाचते. टाक्या वाढवल्या तर बचतही वाढते, पण प्रत्येक नव्या टाकीमागे ती कमी कमी होत जाते आणि वेळ जातो तो वेगळाच. तीनवर थांबणे व्यवहार्य ठरले.

जो ४० टक्के वाटा खाली जातो, तो भरून काढायला डॅन्यूबचे पाणी आहे. दक्षिण उतारावरच्या पाचही जलपाशांशेजारी पंपगृहे आहेत. ती टप्प्याटप्प्याने पाणी ६८ मी. वर, माथ्यापर्यंत चढवतात.

पाणी वळवण्याची योजना

या पंपांनी कालव्याचे स्वरूपच बदलले, आणि कालव्याचे खरे समर्थन कुठे शोधायचे तर ते इथे, असे म्हणता येईल. बव्हेरियाच्या दक्षिणेला आल्प्सचे पाणी मुबलक, तर उत्तरेकडचा फ्रांकेन प्रदेश कोरडा. न्यूर्नबर्ग, फ्यूर्थ आणि एर्लांगेन या औद्योगिक पट्ट्याचे सांडपाणी ज्या रेग्निट्झ नदीत जाते, ती उन्हाळ्यात अगदी बारीक होते. बव्हेरियाच्या विधानसभेने १६ जुलै १९७० रोजी ठरवले की कालव्याचे पंप जहाजांपुरतेच न चालवता त्यांच्याद्वारे डॅन्यूबचे पाणी माइनच्या खोऱ्यात न्यायचे. वर आलेले पाणी हिल्पोल्टश्टाइनजवळच्या रोट्झे तलावात साठवून गरजेनुसार खाली सोडले जाते. आल्टम्यूलच्या पुराचे पाणी वेगळ्या वाटेने ब्रोम्बाख तलावात येते. कालव्यातून वर्षाला सरासरी १२.५ कोटी घनमीटर पाणी वळवले जाते. जहाजांना लागणाऱ्या पाण्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे.

वाद

राजकीय पाठिंबा कधीच एकमुखी नव्हता. १९६६ च्या ड्यूसबुर्ग कराराने केंद्र आणि बव्हेरिया यांनी कालवा पूर्ण करण्याचे ठरवले होते. पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्रीय वाहतूकमंत्री फोल्कर हाउफ यांनी त्याला बायबलमधल्या बाबेलच्या मनोऱ्यानंतरचा बहुधा सर्वांत मूर्ख प्रकल्प म्हटले. ते वाक्य कालव्याला कायमचे चिकटले. त्यानंतरच्या चॅन्सेलर हेल्मुट कोल यांच्या सरकारने काम पुढे रेटले. सर्वांत कडवा विरोध आल्टम्यूल खोऱ्यात झाला, कारण तिथे कालव्यासाठी नदीच सरळ आणि रुंद करण्यात आली. त्याची भरपाई म्हणून जुने वाहते फाटे आणि पाणथळ जागा राखल्या गेल्या. हे काम चांगले झाले हे विरोधकांपैकीही काही जण मानतात. नदी मात्र गेली ती गेलीच.

काही परिणाम लक्षात यायला वेळ लागला. दोन खोरी जोडली जाताच काळ्या समुद्राकडचे गोबी मासे आणि खादाड कोळंबीवर्गीय प्राणी जहाजांच्या तळाला चिकटून, कधी पाण्याबरोबर, ऱ्हाइनमध्ये पोचले. उलट दिशेनेही शिंपले गेले. दर खेपेला बंद होणारे सोळा जलपाशांचे दरवाजे त्यांना अडवू शकले नाहीत. बांधकामादरम्यान २६ मार्च १९७९ रोजी न्यूर्नबर्गच्या काट्झवांग भागात बांध फुटून वस्तीत पाणी शिरले आणि एका मुलीचा मृत्यू झाला. लांब टप्प्यांमध्ये मधेच पाणी अडवणारे सुरक्षा-दरवाजे कशासाठी, हे त्यावरून समजते.

आजचा वापर

जहाजाचा कप्तान आधी रेडिओवरून कळवतो. लाल दिवा असेल तर थांबायचे, हिरवा झाला की आत. पूर्वी प्रत्येक जलपाशावर माणूस असे. आता एका नियंत्रण केंद्रात बसून कॅमेऱ्यांच्या आधारे अनेक जलपाश चालवले जातात. मालवाहू जहाजांना प्राधान्य असते आणि छोट्या हौशी बोटी त्यांच्या मागून शिरतात. धान्य, खते, पशुखाद्य, खनिजे हा मुख्य माल. वाहतूक आखणीवेळच्या आशावादी आकड्यांच्या जवळपासही गेली नाही. त्याऐवजी अपेक्षेपेक्षा वाढल्या त्या ॲमस्टरडॅम–बुडापेस्ट फेऱ्या करणाऱ्या हॉटेल-नौका. त्यांची लांबी १३५ मी. आणि रुंदी ११.४५ मी. म्हणजे १२ मी.च्या कोठ्यात दोन्ही बाजूंना मिळून अर्ध्या मीटरच्या आसपासच जागा उरते. पूलही ठेंगणे असल्याने चालक-कक्ष खाली उतरवता येतो. सप्टेंबर २०१६ मध्ये एर्लांगेनजवळ रात्री अशा एका नौकेचा चालक-कक्ष पुलाला धडकून दोन कर्मचारी ठार झाले.

माइनच्या खालच्या भागासारखे जोडकोठे कालव्यावर नाहीत. प्रत्येक जलपाशाला एकच कोठा, आणि वळसा घालून जायला दुसरी वाट नाही. म्हणून एक दरवाजा बिघडला तरी ऱ्हाइन–डॅन्यूब वाहतूक थांबते. दुरुस्तीसाठी दर वसंतात काही आठवडे मार्ग बंद ठेवला जातो, आणि सगळी कामे त्याच काळात उरकली जातात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या एर्लांगेन आणि क्रिगेनब्रुन या जलपाशांचे काँक्रीट इतके खराब झाले आहे की डागडुजीऐवजी शेजारी नवे कोठे बांधायचे ठरले. क्रिगेनब्रुनचे काम आधी हाती घेण्यात आले. नवा कोठा वापरात येईपर्यंत जुना चालूच ठेवावा लागतो.