वारा, कास आणि क्लोजअप : मॅक्रो लेन्स नेणाऱ्या ग्राहकांसाठी

ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत साताऱ्यातल्या आमच्या दुकानातून मॅक्रो लेन्स (अगदी जवळून क्लोजअप घेणारी लेन्स) भाड्याने नेणारे बहुतेक जण रानफुलांसाठी कास पठारावर जातात. संध्याकाळी लेन्स परत करताना त्यांतले बरेच जण सांगतात, "लेन्स शार्प नाही हो." आम्ही फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघतो. लेन्सला काही झालेलं नसतं, फूल हललेलं असतं. म्हणून लेन्सच्या पिशवीत आता हा कागद घालतो. निघण्याआधी चहा घेता घेता वाचा.

कास पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेचा पावसाळी वारा घाट चढून थेट सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या खडकाळ माथ्यावर, येतो आणि तिथे त्याला अडवायला झाडं नाहीत. साताऱ्याजवळच्याच चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे, ती अशाच वाऱ्याच्या जिवावर. तेव्हा वारा नसलेला दिवस मिळेल ही आशा सोडा आणि वाऱ्यासकट फोटो काढायची तयारी ठेवा.

फोटो हलतो म्हणजे किती हलतो

समजा, साध्या झुळकेत फूल सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने डुलतंय. शटर १/२०० सेकंदावर असेल तर तेवढ्या वेळात ते अर्धा मिलिमीटर सरकतं. डोळ्याला हे काहीच नाही. पण फुलफ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ प्रमाणात, म्हणजे फूल सेन्सरवर जसंच्या तसं खऱ्या मापात उमटतं तेव्हा, तुम्ही जेमतेम ३६ मिलिमीटर रुंदीचा तुकडा टिपत असता. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत तो अर्धा मिलिमीटर म्हणजे ८० पिक्सेलहून जास्त फराटा. शटर १/१००० केलं तरी १६-१७ पिक्सेल उरतातच, शिवाय ढगाळ उजेडात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) भलताच वाढवावा लागतो.

यावर आमचा पहिला सल्ला ऐकून ग्राहक थोडे नाराज होतात. एवढी १:१ ची लेन्स नेताय, पण वाऱ्यात १:१ पर्यंत जाऊ नका. निम्म्या प्रमाणावर, म्हणजे १:२ वर थांबा. फराटा निम्मा होतो. त्याहून मोठा फायदा फोकसच्या खोलीचा. एफ/८ वर (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) १:१ ला जेमतेम एक मिलिमीटर खोली मिळते, १:२ ला जवळपास तीन. फूल पुढे-मागे डुलताना हेच दोन मिलिमीटर फोटो वाचवतात. नंतर थोडं क्रॉप केलं तर काही बिघडत नाही.

फ्लॅश न्या

फ्लॅश फक्त अंधारात वापरायचा अशी समजूत आहे. वाऱ्यात मात्र तोच खरा शटर होतो. नेहमीचा कॅमेऱ्यावर बसणारा फ्लॅश पूर्ण ताकदीला तुलनेने सावकाश विझतो, पण १/१६ ताकदीवर त्याचा लखलखाट साधारण १/१०,००० सेकंदातच संपतो. १/३२ वर त्याहूनही लवकर. वरच्याच हिशेबाने तेवढ्यात फूल एक-दोन पिक्सेलच सरकतं.

मात्र एक अट आहे : फुलावर पडणारा मुख्य उजेड फ्लॅशचाच हवा. आभाळाचा उजेड तेवढाच तगडा असेल तर फ्लॅशचं स्वच्छ फूल आणि त्याच्या कडेला उजेडाची पुसट सावली, अशी दोन फुलं एकाच फोटोत येतात. ढगाळ दिवशी आयएसओ ४००, एफ/११, शटर १/२०० इथून सुरुवात करा. या मापाला पार्श्वभूमी सुमारे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) काळवंडलेली येते, पण तिचा हिरवा रंग ओळखू येतो. फूल फ्लॅशने उजळतं. ऊन पडलं तर आयएसओ १०० वर आणा आणि छत्रीची सावली फुलावर धरा. फ्लॅश डिफ्यूझरसह (उजेड मऊ करून पसरवणाऱ्या पडद्यासह) फुलाच्या जितका जवळ आणाल तितकी त्याची ताकद कमी ठेवता येते, आणि ताकद जितकी कमी तितका लखलखाट छोटा. डिफ्यूझर आम्ही लेन्ससोबत देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

फ्लॅशवर हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय) चालू नाही ना, हे जरूर बघा. शटर १/२५० च्या पुढे नेण्याच्या मोहात ते चालू केलं की एका लखलखाटाऐवजी बारीक ठिणग्यांची माळ लागते आणि हलणारं फूल गोठवण्याचा गुण निघून जातो.

कुठे बसायचं

वारा पश्चिमेचा आणि सकाळचं ऊन पूर्वेचं. वाऱ्याकडे पाठ करून बसलात तर फूल तुमच्या आडोशाला येतं आणि ऊन नेमकं फुलाच्या मागून येतं. आम्हाला स्वतःला ही जागा फार आवडते. दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती मागून ऊन पडल्यावर बघा, पानांवरच्या प्रत्येक चिकट थेंबात दिवा लागल्यासारखा दिसतो. तिची जमिनीसरशी पसरणारी जात तर वाऱ्यात फारशी हलतही नाही. तिला फ्लॅश नको, मागचं ऊनच पुरे.

जमिनीलगत वारा मंदावतो, म्हणून घोट्याएवढी फुलं आधी घ्या. पहाटे लवकर पोहोचा, कारण ऊन चढून जमीन तापली की वरचा जोरकस वारा खाली मिसळू लागतो. छत्री किंवा रिफ्लेक्टर आडोशाला धरायचा तर तो फुलापासून हातभर लांब धरा. अगदी जवळ धरला की कडेवरून वळलेला वारा फुलाला उलट गरागरा फिरवतो.

फुलागणिक

गेंदाची पांढरी बोंडं सरळ दांड्यावर लंबकासारखी डुलतात. लंबक टोकाला जाऊन परत फिरताना क्षणभर थांबतो, शटर तिथे दाबा. चार-पाच वेळा नुसतं बघितलं की लय कळते. सीतेची आसवं मात्र फार नाजूक दांड्यावर थरथरतात, त्यांच्यात लय सापडत नाही. तिथे फ्लॅशच हवा. तेरडा दाटीने उगवतो आणि एकमेकांच्या आधाराने उभा असतो, म्हणून ताटव्याच्या कडेऐवजी आतलं फूल निवडा. टोपली कारवीचं झुडूप नावाप्रमाणे उपड्या टोपलीसारखं असतं. ती सात वर्षांतून एकदा फुलते, त्या वर्षी आलात तर वाऱ्यापासून आडोशाच्या बाजूची फुलं घ्या, ती बऱ्यापैकी शांत असतात. वायतुरा पाण्याच्या डबक्यात उभा असतो. फूल थांबलं तरी पाण्यावर तरंग असतात, ते तसेच येऊ द्या.

ऑटोफोकस बंद ठेवा. प्रमाण आधी ठरवून फोकसची रिंग तिथेच सोडा आणि शरीर किंचित पुढे-मागे करत पाकळीची कड धारदार दिसली की तीन-चारचा बर्स्ट मारा, म्हणजे लागोपाठ फोटो घ्या. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर कमी करतं, फुलाची नाही. वारा भणाणत असेल तर कॅमेरा मांडीवर घेऊन थांबा. झोत आला की त्यामागून बहुतेक वेळा वारा पडतो, दोन-तीन सेकंदांचा अवसर मिळतो. आमच्याकडचे चांगले फोटो याच दोन-तीन सेकंदांतले आहेत.

मोबाइलवाल्यांनी हिरमुसू नये. छोट्या सेन्सरमुळे मोबाइलला फोकसची खोली आपसूक जास्त मिळते. फक्त बर्स्ट वापरा.

फूल धरू नका

दांडा पकडून ठेवणारी क्लिप बाजारात मिळते. आमच्याकडेही होती, आता कासला जाणाऱ्यांना ती देत नाही. कुंडीतल्या झाडाला ती ठीक आहे. सड्यावरचे दांडे मात्र इतके कोवळे की क्लिप सोडल्यावर त्यातले काही उभेच राहत नाहीत. एका मोसमात असे मान टाकलेले दांडे पाहिले आणि क्लिपा कपाटात ठेवून दिल्या. फूल खुडून आडोशाला नेणं तर नकोच.

पालथं पडून फोटो काढण्याचंही तसंच. जांभ्या खडकावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो आणि तुमच्या एका कोपराखाली सीतेच्या आसवांचे पन्नास दांडे असू शकतात. पायवाटेच्या कडेलाच भरपूर फुलं आहेत, तिथूनच घ्या. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत २०१२ साली कासचा समावेश झाला, तो या पातळ थरावरच्या फुलांमुळे. वनविभाग आणि गावकऱ्यांच्या समितीची माणसं हटकतात तेव्हा त्यांचं ऐका.

लेन्स परत आणताना

सड्यावर लेन्स बदलू नका, भुरभुर पाऊस वाऱ्याबरोबर थेट सेन्सरवर जातो. गाडीत बसताच लेन्स पिशवीत बंद करा आणि अर्ध्या तासाने उघडा, म्हणजे काचेवर बाष्प धरत नाही. आणि कृपा करून समोरची काच शर्टाने पुसून चकचकीत करून आणू नका. मातीचा कण काचेवर घासला की कायमचा ओरखडा पडतो. मळकी आणलीत तरी चालेल, ब्लोअर आमच्याकडे आहे.