उतारावरच्या सोसायटीत पाण्याचा दाब: मोठा पंप घेण्याआधी हे वाचा

पुण्यातल्या कात्रज, आंबेगाव, बावधन, सूस या भागांत टेकडीच्या अंगावर वसलेल्या सोसायट्यांतून आमच्याकडे दोन तक्रारी सतत येतात. वरच्या ओळीतले म्हणतात, शॉवरला पाणी चढत नाही. खालच्या ओळीतले म्हणतात, नळ टिकत नाहीत. बहुतेक वेळा दोन्ही तक्रारी एकाच सोसायटीतल्या आणि एकाच टाकीमुळे आलेल्या असतात. सभेत मात्र ठराव होतो मोठ्या पंपाचा. मोठ्या पंपाने टाकी लवकर भरते. नळाला मिळणारा दाब होता तेवढाच राहतो.

दाब येतो उंचीतून

टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर वर असली की नळाला सुमारे १ किलो दाब मिळतो. (प्लंबर ज्याला 'किलो' म्हणतात तो दर चौरस सेंटिमीटरला १ किलो.) टाकी हजार लिटरची असो की लाखाची, हिशोब तोच.

एक नेहमीचा आराखडा घेऊ. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बंगला यांच्या जमिनीत ४५ मीटरचा फरक आहे. टाकी वरच्या टोकाला, ६ मीटरच्या स्टँडवर. वरच्या बंगल्याच्या पहिल्या मजल्यावरचा शॉवर जमिनीपासून साडेपाच मीटरवर येतो. म्हणजे टाकीच्या तळापासून त्याला जेमतेम अर्धा मीटर उंची मिळते. पाणी ठिबकणारच. सगळ्यात खालच्या बंगल्यात, तळमजल्याच्या नळाला तीच टाकी ५० मीटर वर आहे. तिथे दाब ५ किलो.

हा ५ किलोचा मार दिवसा जाणवत नाही, कारण सगळीकडे नळ चालू असतात आणि पाइपातल्या घर्षणात बराच दाब खर्च होतो. रात्री दोन-तीनला सगळे नळ बंद झाले की तो पुरेपूर पोचतो. वॉश बेसिनखालचा जाळीचा कनेक्शन पाइप मध्यरात्री फुटतो आणि सकाळी घरात पाणी साचलेलं सापडतं, ते यामुळेच. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसभर थेंब थेंब गळत असेल, तर गिझरला दोष देण्याआधी दाब मोजून घ्या.

अर्धा बंद केलेला व्हॉल्व्ह

खालच्या ओळीचा दाब कमी करायला मेन व्हॉल्व्ह अर्धा फिरवून ठेवण्याची पद्धत फार रुळली आहे. ती सोडा. अर्धा बंद व्हॉल्व्ह पाणी वाहत असतानाच दाब कमी करतो. पाणी थांबलं की त्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब होतो, म्हणजे नेमक्या त्या रात्रीच्या वेळी त्याचा काडीचा उपयोग नसतो.

दाब खरोखर तोडायचे दोन मार्ग आहेत. एक, प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही. पाणी वाहो वा थांबो, तो पुढचा दाब ठरवलेल्या आकड्यावर धरून ठेवतो. त्याच्या आधी गाळणी हवीच, आणि ती वेळच्या वेळी साफ व्हायला हवी. आत कचरा अडकला की पीआरव्ही नीट मिटत नाही आणि दाब पुन्हा चढतो. दोन्ही बाजूंना दाब दाखवणारे गेज लावून घ्या, म्हणजे बिघाड वॉचमनलाही दिसेल.

दुसरा मार्ग ब्रेक प्रेशर टँकचा. उताराच्या मध्यावर एक छोटी टाकी, तिच्यात फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा. वरचं पाणी तिथे उघड्यावर पडतं, त्याचा दाब शून्य होतो आणि खालच्या घरांसाठी उंचीचा हिशोब तिथून नव्याने सुरू होतो. जागा असेल तिथे आम्ही हीच टाकी सुचवतो. बिघडण्यासारखं त्यात फार काही नसतं आणि वीज गेली तरी ती काम करते.

वरच्या उदाहरणात आम्ही तीन पट्टे पाडू. वरच्या १५ मीटरच्या पट्ट्याला छोटा बूस्टर पंप, म्हणजे टाकीतून निघणाऱ्या पाण्याचा दाब वाढवणारा. मधल्याला वरच्या टाकीतून थेट. खालच्यासाठी मधल्या पट्ट्याच्या वरच्या कडेला ब्रेक प्रेशर टँक. असं केलं की खालच्या दोन पट्ट्यांत शॉवरला निदान १ किलोच्या आसपास दाब उरतो आणि कुठल्याही नळावर तो साडेतीन किलोच्या वर जात नाही.

बूस्टरला बायपास (पंपाला वळसा घालणारा पाइप) आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे फिरू न देणारा) हवाच, म्हणजे वीज गेली तरी टाकीतून येईल तेवढं पाणी येत राहील. बूस्टर टाकीवरच लावायचा. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावून पाणी ओढणं बेकायदा तर आहेच, शिवाय त्याने लाइनमध्ये शोषण तयार होतं आणि एखादा जोड गळका असेल तर आजूबाजूचं घाण पाणी आत खेचलं जातं. हे काम आम्ही कोणासाठीही करत नाही.

पाइप आणि हवा

दाब पुरेसा असूनही धार बारीक असेल, तर पाइप पाहा. २५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपातून मिनिटाला ३० लिटर पाणी नेलं, तर दर १०० मीटरला सुमारे साडेपाच मीटर उंचीइतका दाब वाया जातो. तेच पाणी ४० मिलिमीटरच्या पाइपातून नेलं, तर अर्ध्या मीटरच्या आसपास. पाइपात वाचवलेले पैसे पुढे रोजच्या पंपिंगमध्ये जातात.

पंपापासून टाकीपर्यंतच्या चढणीच्या लाइनला पाइपाचा क्लास, म्हणजे तो किती दाब सोसतो, हेही बघून घ्या. आमच्या उदाहरणात पंप उताराच्या तळाशी धरला, तर त्याच्यापाशी ५ किलो दाब नुसता उभाच असतो. त्यात वीज अचानक गेली की चढलेलं पाणी मागे फिरून धडक देतं. म्हणून खालच्या निम्म्या लांबीत आम्ही १० किलोचा पाइप वापरतो.

लाइन जिथे उंचवटा घेऊन पुन्हा खाली उतरते, तिथे हवा धरते आणि पाणी अडतं. नळ फुसफुसतो तो त्यामुळे. अशा प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह लागतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं ते पंपाशिवाय, उताराच्या जोरावर, आणि त्या नळाला वाटेत जागोजागी उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर जायच्या वाटा, ठेवले होते. आज दोनशे मीटरच्या लाइनवर एक एअर व्हॉल्व्ह बसवायला कंत्राटदार टाळाटाळ करतो, तेव्हा वाईट वाटतं.

आम्हाला बोलावण्याआधी

नळाला लावायचा प्रेशर गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो सगळ्यात वरच्या, मधल्या आणि सगळ्यात खालच्या घरात लावा. आधी घरातले सगळे नळ बंद ठेवून आकडा लिहा, मग दुसरा एक नळ पूर्ण सोडून पुन्हा लिहा. बंद असतानाच आकडा कमी असेल, तर उंची अपुरी आहे. बंद असताना चांगला आणि नळ सोडताच कोसळत असेल, तर पाइप बारीक आहे किंवा आत गंज, गाळ धरला आहे. ही मोजणी एकदा पहाटे, एकदा सकाळी आठच्या सुमारास करा.

उंचीसाठी मोबाइलच्या आकड्यावर विसंबू नका, तो कित्येक मीटरने चुकू शकतो. लेव्हल मशीन आम्ही घेऊन येतो. तुम्ही बिल्डरकडून मिळालेला पाइपलाइनचा नकाशा, पंपाच्या नेमप्लेटचा फोटो आणि महापालिकेचं पाणी किती वाजता व किती वेळ येतं याची नोंद तयार ठेवा. नकाशा नसेल तर जुन्या प्लंबरला त्या दिवशी बोलावून घ्या. कुठला व्हॉल्व्ह कुठे गाडला गेला आहे, हे बहुतेक सोसायट्यांत त्यालाच ठाऊक असतं.