परस्परव्यापी संचांची अपूर्णांकी उदाहरणे

परस्परव्यापी संचांची अपूर्णांकी उदाहरणे : एकाच समूहातील घटक दोन किंवा अधिक गुणधर्मांनुसार विभागलेले आहेत, काही घटकांत एकाहून अधिक गुणधर्म आहेत आणि माहिती घटकांच्या संख्येऐवजी अपूर्णांकांत दिली आहे, अशी शाब्दिक उदाहरणे. प्रवेश व भरतीच्या प्रमाणित परीक्षांत ती नेहमी आढळतात. मराठी परिभाषेत ‘छेद’ हा शब्द अपूर्णांकालाही लागतो आणि दोन संचांच्या समाईक भागालाही. या विषयात दोन्ही एकाच ओळीत येत असल्याने येथे ‘छेद’ फक्त अपूर्णांकाचा समजावा; दोन संचांत सामाईक असणाऱ्या घटकांसाठी ‘समाईक भाग’ असे म्हटले आहे.

मूळ नाते : अ आणि ब या संचांसाठी |अ ∪ ब| = |अ| + |ब| − |अ ∩ ब|. येथे | | म्हणजे घटकांची संख्या, ∪ म्हणजे दोहोंपैकी किमान एकात असणारे आणि ∩ म्हणजे समाईक भाग. बेरजेत समाईक भाग दोनदा मोजला जातो, म्हणून तो एकदा वजा होतो. सगळा समूह १ मानला तर अ + ब − दोन्ही + एकही नाही = १. यातील तीन राशी समजल्या की चौथी मिळते. नाते इतके सोपे असूनही उत्तरे चुकतात, याचे कारण बेरीज-वजाबाकीत क्वचितच असते. प्रत्येक अपूर्णांक कशाचा आहे, हे नीट न पाहण्यात असते.

इतिहास : या उदाहरणांसाठी काढली जाणारी वर्तुळांची आकृती पाठ्यपुस्तके सरसकट जॉन वेन यांच्या नावे देतात. वेन यांचा या विषयावरील निबंध १८८० मध्ये आणि ग्रंथ १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु ते स्वतः या वर्तुळांचा उल्लेख ऑयलर यांच्या नावाने करीत. लेओनार्ट ऑयलर यांनी एका जर्मन राजकन्येला लिहिलेली पत्रे १७६८ पासून प्रसिद्ध झाली व त्यांत तर्कविधाने वर्तुळांनी दाखविली आहेत. लायप्निट्स यांच्या हस्तलिखितांतही तशाच आकृत्या आहेत. त्या फ्रेंच अभ्यासक कूतुरा यांनी १९०३ मध्ये उजेडात आणल्या, त्यामुळे ऑयलर यांनी त्या पाहिल्या असतील असे मानायला फारसा आधार उरत नाही. ‘वेन आकृती’ हे नाव अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ सी. आय. ल्यूइस यांच्या १९१८ च्या ग्रंथापासून रूढ झाले असावे.

दोन आकृत्यांतील फरक केवळ नावाचा नाही. ऑयलर यांच्या पद्धतीत वर्तुळे प्रत्यक्ष संबंधाप्रमाणे काढली जातात : संच विभक्त (एकही समाईक घटक नसलेले) असतील तर वर्तुळेही वेगळी. वेन यांच्या पद्धतीत सर्व शक्य भाग आधीच काढले जातात आणि जो भाग रिकामा ठरेल तो रेखांकित केला जातो. अपूर्णांकी उदाहरणात समाईक भाग रिकामा आहे की नाही हे सुरुवातीला माहीत नसते, म्हणून वेन यांचीच पद्धत येथे उपयोगी पडते. मात्र वेन यांचा रोख मुख्यतः विधानांवर होता, मोजणीवर नव्हे. संख्यांकित तर्काचा धागा ऑगस्टस डी मॉर्गन (१८४७) आणि जॉर्ज बूल (१८५४) यांच्याकडे जातो. ‘बहुतेक य हे क्ष आहेत, बहुतेक य हे झ आहेत, म्हणून काही क्ष हे झ आहेत’ हे डी मॉर्गन यांचे अनुमान म्हणजे दोन अपूर्णांकांची बेरीज १ पेक्षा जास्त असेल तर समाईक भाग रिकामा राहू शकत नाही, हेच तत्त्व होय. या उदाहरणांचा पूर्वज तेथे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

वरील मूळ नात्याचे कितीही संचांना लागू पडणारे रूप म्हणजे समावेश-वर्जन तत्त्व; त्याच्या श्रेयाबाबतही मतभेद आहेत. आब्राआम द म्वाव्र (१७१८), दा सिल्व्हा (१८५४) आणि सिल्व्हेस्टर (१८८३) ही नावे घेतली जातात. दोन-तीन संचांपुरते पाहता या वादाने काही बदलत नाही.

मांडणी : सर्व अपूर्णांक एकूण समूहाचे असतील तर छेदांचा लसावि हाच एकूण समूह मानावा. समजा, २/३ जणांना पोहता येते, ३/५ जणांना सायकल येते आणि १/६ जणांना दोन्ही येत नाही. ३, ५, ६ यांचा लसावि ३०. पोहणारे २०, सायकल येणारे १८, एकही न येणारे ५. किमान एक येणारे २५, म्हणून दोन्ही येणारे २० + १८ − २५ = १३, म्हणजे १३/३०. फक्त पोहता येणारे ७, फक्त सायकल येणारे ५; ताळा : ७ + १३ + ५ + ५ = ३०.

हे ३० म्हणजे माणसे नव्हेत, भाग आहेत. उदाहरणात पुढे ‘दोन्ही येणारे ५२ आहेत’ असे आले तर १३ भाग = ५२, एक भाग = ४ आणि एकूण १२० जण. भाग आणि माणसे एकाच ओळीत मिसळणे ही फार आढळणारी चूक आहे.

अपूर्णांकाचा पाया : मराठीत ‘पैकी’ हा शब्द पाया सांगतो, म्हणून प्रत्येक अपूर्णांकाच्या आधीचा ‘पैकी’ कोणाला जोडला आहे ते आधी शोधावे. ‘एकूणपैकी’, ‘त्यांपैकी’ आणि ‘उरलेल्यांपैकी’ हे तीन वेगळे पाया आहेत. अ भाषा येणाऱ्यांपैकी ३/४ जणांना ब येते, ब येणाऱ्यांपैकी ३/५ जणांना अ येते आणि एकूणपैकी १/७ जणांना एकही येत नाही, असे दिले असता ३/४ व ३/५ यांची बेरीज निरर्थक ठरते. येथे समाईक भागावरून सुरुवात करावी. तो दोन्हीकडे ३ या अंशाने आला आहे, म्हणून तो ३क मानला की अ = ४क, ब = ५क, किमान एक = ६क. एकही नाही हा १/७ असल्याने एकूण ७क. एकूण ७० जण असतील तर क = १० आणि दोन्ही भाषा येणारे ३०. अंश सारखे नसतील तर अंशांचा लसावि घ्यावा, छेदांचा नव्हे. सवयीने हात छेदांकडेच जातो.

‘उरलेल्यांपैकी’ अधिक फसवे आहे. एकूणपैकी २/५ जण अ मध्ये आहेत आणि उरलेल्यांपैकी १/३ जण ब मध्ये आहेत, तर ३/५ × १/३ = १/५ हा संपूर्ण ब नसून ‘फक्त ब’ आहे. त्यावरून किमान एकात असणारे ३/५ मिळतात. समाईक भागाबद्दल मात्र काहीच कळत नाही.

एकात एक अपूर्णांक असताना सोयीचा एकूण निवडताना गुणाकार आधी संक्षिप्त करावा. २/५ चा १/३ म्हणजे २/१५, येथे एकूण १५ च्या पटीत हवा. ३/५ चा १/३ म्हणजे १/५, येथे ५ ची पट पुरते. ‘एकूण संख्या खालीलपैकी कोणती असू शकेल’ अशा प्रश्नात योग्य पर्याय नेमका या फरकाने सुटतो किंवा हुकतो.

कोष्टक : प्रत्येक गुणधर्माचे ‘आहे’ व ‘नाही’ असे दोनच भाग असतील आणि ‘नाही’ बाजूविषयीही माहिती असेल तर वर्तुळांपेक्षा कोष्टक बरे. दोन ओळी, दोन स्तंभ आणि बेरजांचा एकेक जादा रकाना, असे नऊ रकाने होतात. समजा, २/५ सदस्य नवे आहेत, नव्यांपैकी १/३ जणांकडे परवाना आहे आणि एकूणपैकी १/२ जणांकडे परवाना आहे. जुन्यांपैकी किती जणांकडे आहे? एकूण ३० : नवे १२, जुने १८, परवानाधारक १५, त्यांत नवे ४, म्हणून जुने ११. उत्तर ११/१८. ११/३० हे उत्तर पर्यायांत हमखास असते. त्यात गणित बरोबर असून पाया चुकलेला असतो.

मर्यादा : ‘एकही नाही’ची माहिती नसेल तर ते शून्य धरू नये. अशा वेळी समाईक भागाच्या फक्त सीमा सांगता येतात. तो दोहोंपैकी लहान अपूर्णांकापेक्षा मोठा नसतो आणि बेरजेतून १ वजा करून येणाऱ्या संख्येपेक्षा (ती ऋण आल्यास शून्यापेक्षा) लहान नसतो. २/३ आणि ३/५ साठी तो ४/१५ ते ३/५ यांच्या दरम्यान राहतो. अधिक संच असताना बाहेर राहणाऱ्यांची बेरीज करणे सोपे पडते. लुईस कॅरल यांच्या १८८५ च्या एका कोड्यात निवृत्त सैनिकांपैकी ७० टक्क्यांनी डोळा, ७५ टक्क्यांनी कान, ८० टक्क्यांनी हात आणि ८५ टक्क्यांनी पाय गमावलेला आहे. चारही गमावलेले किमान किती? न गमावलेले ३० + २५ + २० + १५ = ९०, म्हणून किमान १० टक्के, म्हणजे १/१०.

तीन संच : येथील घोटाळा ‘नेमके दोन’ आणि ‘किमान दोन’ यांतील आहे. जोड्यांचे समाईक भाग दिले असतील तर तिन्हींची बेरीज − जोड्यांची बेरीज + तिन्हींतील = किमान एक. ‘नेमके दोन’ दिले असतील तर तिन्हींची बेरीज − नेमके दोन − २ × तिन्हींतील = किमान एक. ६० जणांच्या समूहात तीन संच १/२, २/५, १/३; नेमक्या दोहोंत १/५; एकाहीत नसलेले १/१० असे असता बेरीज ३० + २४ + २० = ७४, किमान एक ५४ आणि नेमके दोन १२. ७४ − १२ − ५४ = ८ म्हणजे तिन्हींतील घटकांची दुप्पट, म्हणून तिन्हींत ४ आणि नेमके एकात ३८. याच १२ ला जोड्यांची बेरीज समजून पहिले सूत्र लावले तर तिन्हींतील घटक −८ येतात. येथे चूक लगेच दिसली; इतर अंकांत ती धन संख्येत लपते. चार वर्तुळांनी जास्तीत जास्त १४ भाग होतात, तर चार संचांना १६ लागतात. त्यामुळे वेन यांनी लंबवर्तुळे वापरली. परीक्षेत चार संच आलेच तर ते बहुधा सीमांच्या प्रश्नात येतात.

माहितीची पर्याप्तता : दिलेली विधाने उत्तरासाठी पुरेशी आहेत का, असे विचारणाऱ्या प्रश्नांत फक्त अपूर्णांकांवरून घटकांची संख्या सहसा ठरत नाही, गुणोत्तरेच ठरतात. एखाद्या भागाची प्रत्यक्ष संख्या मिळाली की सर्व भाग सुटतात. एक अपवाद लक्षात ठेवावा. पोहणे-सायकलच्या उदाहरणात ‘एकूण ५० पेक्षा कमी’ एवढेच दिले तरी, घटक पूर्णांकातच असल्याने एकूण ३० च्या पटीत यावे लागते आणि ते ३० च ठरते.