हॅमिल्टन फक्त गाडीमुळे जिंकला? नाही हो!
इंदूरात छप्पनवर, म्हणजे खाण्याच्या गल्लीत, फॉर्म्युला वन कार रेसचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन काय, मर्सिडीज टीमची गाडी होती म्हणून जिंकला. साफ चूक. 2007 ला पहिल्याच सीझनमध्ये मॅकलॅरेन टीममध्ये त्याच्यासोबत अलोन्सो होता, दोन वेळचा चॅम्पियन, आणि दोघांचे पॉइंट्स सारखेच, 109! 2008 ला हा चॅम्पियन झाला तेव्हा टीमचं टायटल फेरारीने नेलं होतं, म्हणजे मॅकलॅरेन काही फार पुढे नव्हती, आणि मर्सिडीजला जायच्या आधीच 21 रेस जिंकून झाल्या होत्या. 2014 पासूनची गाडी जबरदस्त होती, खरंय, पण तीच टीममेट रॉसबर्गकडेही होती ना, तो सोबतच्या चार सीझनमध्ये (2013 ते 2016) एकदाच पुढे गेला, 2016 ला.
2025 चा फॉर्म वेगळा विषय आहे. तेव्हा फेरारीत चीनची स्प्रिंट, म्हणजे छोटी रेस, जिंकली, पण ग्रांप्रीत, म्हणजे मुख्य रेसमध्ये, एकही पोडियम (पहिल्या तिघांत नंबर) नाही, आणि क्वालिफायिंगला (रेसमध्ये कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या फेरीत) टीममेट लेक्लेर बहुतेक वेळा पुढेच.