मस्टर, कामचुकार माणूस आणि सुमंत्र घोषाल

मुंबईच्या एमबीएच्या वर्गात व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक सुमंत्र घोषाल यांचं नाव ‘ट्रान्सनॅशनल कंपनी’ या संकल्पनेसोबत येतं आणि तिच्यावरची टीप लिहून झाली की मागे पडतं. मला हा अन्याय वाटतो. त्यांनी शेवटच्या वर्षांत जे मांडलं, ते नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या रोजच्या दिवसाबद्दल आहे.

जन्म १९४८ चा. दिल्ली विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले, मग अनेक वर्षं इंडियन ऑइलमध्ये नोकरी केली. तिशी ओलांडल्यावर, १९८१ मध्ये अमेरिकेला गेले. तिथे एमआयटीची पीएचडी आणि हार्वर्डची डीबीए (व्यवसाय प्रशासनातली डॉक्टरेट) यांचं काम त्यांनी एकाच वेळी केलं. विषय वेगळे, प्रबंधही दोन. १९८५ आणि १९८६ अशा लागोपाठच्या वर्षी दोन्ही पदव्या हातात पडल्या. पुढे शिकवलं ते फ्रान्समध्ये फाँतेनब्लोच्या इन्सिआड या बिझनेस स्कूलमध्ये, आणि १९९४ पासून लंडन बिझनेस स्कूलमध्ये.

हार्वर्डचे प्राध्यापक क्रिस्टोफर बार्टलेट यांच्याबरोबर लिहिलेलं ‘मॅनेजिंग अक्रॉस बॉर्डर्स’ हे पुस्तक १९८९ मध्ये आलं. युनिलिव्हर, फिलिप्स, एनईसी यांच्यासह नऊ कंपन्यांचा तो अभ्यास. मुख्यालयातून सगळा कारभार हाकायचा नाही आणि प्रत्येक देशाला मोकाटही सोडायचं नाही, अशा ‘ट्रान्सनॅशनल’ कंपनीचा आराखडा त्यात होता. नाव झालं ते यामुळे.

माझ्या मते खरे घोषाल सापडतात ते दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेतल्या एका भाषणात. दरवर्षी जुलैत ते कुटुंबासह कोलकात्याला जायचे. घामाने अंग चिकट व्हायचं, थकवा यायचा, सुट्टीचा बराचसा वेळ बिछान्यावर जायचा. फाँतेनब्लोच्या जंगलात मात्र वसंतात फिरायला निघालं की पाय आपोआप पळायला बघायचे. माणूस तोच. बदलायची ती जागा. याला त्यांनी ‘जागेचा वास’ म्हटलं. बहुतेक कंपन्यांनी आपल्या आत असंच उकाड्याचं कोलकाता तयार करून ठेवलंय, असं त्यांचं म्हणणं. आपण मुंबईकरांनी तिथे मे महिन्यातली दादरची दुपार आठवावी.

माझ्या पहिल्या नोकरीत, फोर्टमधल्या एका ऑफिसात, दहा वाजून दहा मिनिटांनी मस्टर साहेबांच्या केबिनमध्ये जायचं. तीन लेट मार्क झाले की अर्धी सीएल, म्हणजे किरकोळ रजा, कापली जायची. कुर्ल्याला रुळांवर पाणी भरलं तरी नियम तोच. हळूहळू आम्ही सगळे मस्टरपुरते वेळेवर यायला लागलो. सही करायची, बॅग खुर्चीला अडकवायची आणि खाली कटिंग प्यायला जायचं. साडेपाचच्या ठोक्याला पेन खाली. माणसं कामचुकार आहेत म्हणून नियम हवा, असं साहेबांना वाटायचं. खरं तर नियमाने आम्ही तसे झालो होतो.

सहसंशोधक पीटर मोरन यांच्यासोबतच्या १९९६ च्या लेखापासून घोषाल नेमकं हेच सांगत होते. ग्रहांबद्दल सिद्धान्त मांडला म्हणून ग्रह आपली वाट सोडत नाहीत. माणसांचं तसं नाही. माणूस संधिसाधू आहे असं गृहीत धरून पहारा बसवला की तो संधी शोधायला लागतो, आणि मग सिद्धान्त खरा ठरल्यासारखा दिसतो. भौतिकशास्त्र शिकलेल्याला हा फरक ठळक दिसला, याचं मला नवल वाटत नाही.

एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी आपल्याला माहीत ती दाभोळमुळे. गुहागरजवळचा तो वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत हिशेबातल्या घोटाळ्यांपायी कंपनीचं दिवाळं वाजलं. बिझनेस स्कूलमध्ये नीतिमूल्यांचे तास वाढवायची चर्चा सुरू झाली. घोषालांचा रोख वेगळा होता. नवं काही शिकवण्याआधी, आज जे शिकवता त्यातलं पुष्कळसं थांबवा, असं त्यांनी लिहिलं. मॅनेजरला फक्त भागधारकांचा नोकर समजणारा आणि त्याच्यावर अविश्वास ठेवायला सांगणारा सिद्धान्त वर्गात शिकवायचा, आणि तो मॅनेजर तसाच वागला की आश्चर्य करायचं, हे त्यांना पटत नव्हतं.

हे सगळं मांडणारा त्यांचा लेख छापून आला २००५ मध्ये. घोषाल ३ मार्च २००४ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले होते. हेन्री मिन्ट्झबर्ग, जेफ्री फेफर अशा अभ्यासकांच्या प्रतिक्रिया लेखासोबतच छापल्या गेल्या. मॅनेजरला भागधारकांचा नोकर समजणारा तो सिद्धान्त, म्हणजे ‘एजन्सी थिअरी’, आपल्याकडच्या वर्गांतही शिकवली जाते. ज्या दिवशी ती फळ्यावर येईल, त्याच दिवशी हा लेखही मुलांच्या हातात पडावा, एवढं माझं शिक्षकांना कळकळीचं सांगणं आहे.